सात नंबरची खोली कुणी आवरली? बॅचलर पार्टीचा सिनेमा काढणाऱ्यांना खुलं पत्र

माननीय निर्माते, दिग्दर्शक आणि लेखक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर स्टेशनजवळच्या त्या बावीस खोल्यांच्या लॉजचा मॅनेजर. मागच्या जानेवारीत तुम्ही आमच्याकडं पाच दिवस शूटिंग केलंत. ओळख पटत नसेल तर सांगतो. तुमचा नवरदेव अंगाला नुसती चादर गुंडाळून ज्या जिन्यावरून धडपडत खाली येतो, त्या जिन्याच्या पायथ्याशी एक काउंटर आहे. त्या काउंटरमागं मी एकतीस वर्षं बसतोय. सिनेमात तिथं दुसरा माणूस बसवलाय, तोंडात पानाचा तोबरा भरलेला. मी पान खात नाही. असो.

पत्र उघड लिहितोय, कारण आधी तीन वेळा खासगीत कळवून झालं. तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरचा फोन पहिल्यांदा "मीटिंगमध्ये आहे" म्हणाला, नंतर नुसताच वाजायला लागला, आता वाजतही नाही. शिवाय ज्यांनी तुमचा सिनेमा बघितला त्या सगळ्यांशीच मला बोलायचंय.

सिनेमा मी बघितला. पहिल्याच आठवड्यात, स्वतःच्या पैशानं तिकीट काढून. अक्कांनाही घेऊन गेलो होतो. अक्का कोण ते पुढं येईलच. सिनेमा हसवतो की नाही? हसवतो, खोटं कशाला बोलू. पुण्याची चार पोरं बॅचलर पार्टीसाठी गोव्याला निघतात, निघायच्या आधीच पितात, रात्री भलत्याच गाडीत चढतात आणि उठतात ती थेट सोलापुरात. नवरदेव गायब, खोलीची धूळधाण, आणि रात्री काय झालं ते एकालाही आठवत नाही. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं येतात हेही ठीक. फक्त ती गाडी सकाळी लवकर पोचते. तुमची पोरं उतरतात तेव्हा सावल्या पायाखाली आलेल्या दिसतात. रेल्वेलाही कधी कधी उशीर होतो, म्हणून तेवढं सोडून दिलं.

तुमचा मुख्य विनोद असा की, जायचं होतं गोव्याला आणि आले सोलापूरला. यावर आमच्या टॉकीजमध्ये सगळ्यात मोठा हशा पिकला, माझाही त्यात होता. आपल्या गावावर हसण्यात सोलापूरकराचा हात कुणी धरणार नाही. ऊन, धूळ, चार-पाच दिवसांनी येणारं नळाचं पाणी, सगळ्यावर आम्ही स्वतःच बोलत असतो. तसा तुमचा विनोदही पाच महिन्यांत शिळा झाला म्हणा. तुम्ही सामान आवरून गेलात आणि जून २०२५ मध्ये होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं. आता सोलापुरात उठलेल्या पोराला तोंड धुऊन गोवा गाठता येतो.

तेव्हा माझी तक्रार सोलापूरची चेष्टा केली ही नाही. भावना दुखावल्या म्हणून मी पोस्टरला काळं फासायला निघालेलो नाही, आणि माझ्या नावावर दुसरं कुणी निघालं तर त्यालाही मी काउंटरवरूनच परत पाठवीन. तक्रार वेगळी आहे आणि ती सात नंबरच्या खोलीपासून सुरू होते.

२००९ साली अमेरिकेत 'द हँगओव्हर' आला. टॉड फिलिप्स दिग्दर्शक. माझ्या भाच्यानं मला तो लॅपटॉपवर दाखवला होता, आणि तुम्हीही तो बघितला असणार हे तुमचा सिनेमा बघून कळतंच. लास वेगासच्या हॉटेलात तिघं उठतात, नवरदेव नाही, बाथरूममध्ये वाघ, कपाटात तान्हं पोर, आणि एकाचा पुढचा दात गायब. रात्र आधी दाखवतच नाहीत, सकाळ दाखवतात. मग खोलीतल्या एकेका वस्तूचा माग काढत रात्र उलगडत जायचं. म्हणजे वरून पाहिलं तर दारूचा सिनेमा आणि आतून डिटेक्टिव्हचा. पसारा हाच पुरावा. त्या लोकांनी हॉटेल खरं दाखवलं, पण ती भलीमोठी खोली स्टुडिओत सेट लावून उभी केली होती. दात गेलेला जो नट आहे त्याचा तो दात मुळात उगवलाच नव्हता, नकली बसवलेला होता; तो शूटिंगपुरता काढला. मोडतोड त्यांनी आपल्या सेटवर आणि आपल्या तोंडात केली.

तुम्ही ती आमच्या लॉजवर केलीत. त्यालाही हरकत नव्हती, पैसे ठरले होते. पण चार खोल्या ठरल्या आणि नऊ वापरल्यात. पाच दिवसांत अर्धी रक्कम दिलीत, उरलेली "एडिट झाल्यावर" म्हणालात. एडिट होऊन, प्रदर्शित होऊन, आता मोबाइलवर यायची वेळ झाली. लेखी काही केलं नाही ही माझी चूक. सिनेमावाले आपल्याकडं आले याच आनंदात होतो. माझ्या वडिलांची हयात कापडाच्या मिलमध्ये गेली. ते सांगायचे, कागद नसेल तर मजुरी नाही. बापाचं शहाणपण पोराच्या उपयोगाला येतंच असं नाही.

आता अक्का. नाव लिहीत नाही, त्यांनी नको सांगितलंय. चौपन्न वय, राहायला पूर्व भागात, आई विड्या वळायची. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, भाजीवालीशी कन्नड आणि गिऱ्हाइकाशी हिंदी. सोलापुरात हे कौतुकाचं काही नाही, निम्मं गाव असंच बोलतं. आमच्याकडं त्या बावीस वर्षं खोल्या आवरतात. हे नुसतं झाडू-पोछा करणं नाही हे मला त्यांच्याकडूनच कळलं. अक्का खोली वाचतात. उशीवरचा खळगा बघून सांगतात की माणूस झोपलाच नाही. बादलीत किती पाणी उरलंय त्यावरून किती जण राहिले ते ओळखतात. एकाचे पैसे घेऊन तिघं राहणारे त्यांनी मला कितीदा धरून दिलेत.

शूटिंगच्या दुसऱ्या दिवशीची गंमत तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. तुमच्या कलाविभागाच्या पोरांनी संध्याकाळभर खपून सात नंबरची खोली घाण केली. बाटल्या, चिप्स, पिसं, भिंतीवर केक, चादरीवर नकली रक्त. कॅमेरा सकाळी लागणार होता. खोलीला कुलूप लावा हे कुणी सांगितलं नाही. अक्का नेहमीप्रमाणं पहाटे साडेपाचला आल्या, दार उघडलं, कपाळावर हात मारला आणि दीड तासात खोली आरशासारखी केली. सात वाजता तुमची पोरं आली आणि एकच कल्लोळ! एक पोरगी रडायलाच लागली. दिग्दर्शक साहेब, तुम्ही अक्कांना जे बोललात ते मी इथं लिहीत नाही. तुम्ही रागात होता आणि नंतर चहा पाठवलात.

मग तुमच्या पोरांनी फोनवरचे फोटो काढले आणि पुन्हा घाण करायला घेतलं. अक्का दारात उभ्या राहून पाच मिनिटं बघत होत्या. शेवटी राहवलं नाही.

"साहेब, हे कोण दारू प्यालेलं नाही ओ," म्हणाल्या. "प्यालेला माणूस चपला अशा जोडीनं काढून ठेवतो व्हय? एक पलंगाखाली जाते, एक संडासात. आणि ओकारी कोपऱ्यात कुठं काढूलालाव? कोपऱ्यापर्यंत जायला तो शुद्धीवर पाहिजे की. ती पलंगाच्या कडेला, उशीच्या बाजूला."

पोरं आधी हसली, मग गप्प झाली, मग त्यांनी अक्कांच्या हातात सामान दिलं. पुढचा पाऊण तास अक्कांनी खोली घाण केली. बावीस वर्षं जे निस्तरलं ते सगळं त्यांनी परत मांडलं. अर्धी बिर्याणी उशीच्या खोळीत. टॉवेल पंख्याच्या पात्यावर. मोबाइलचा चार्जर गिझरच्या प्लगमध्ये आणि मोबाइल भलत्याच खोलीत. पाण्याच्या तांब्यात एक मोजा. तुमच्या कॅमेरामननं स्वतः येऊन नमस्कार केला, म्हणाला, मावशी, हे आमच्या डोक्यात आलंच नसतं. सिनेमात ती खोली पहिल्यांदा दिसते तेव्हा कॅमेरा तांब्यातल्या मोज्यावर चांगला दोन-तीन सेकंद थांबतो आणि पब्लिक खदखदतं. टॉकीजमध्ये अक्कांनी मला कोपरानं ढोसलं, "माझं आहे ते."

शेवटी नावं वर सरकायला लागली तेव्हा आम्ही दोघं बसून राहिलो. पोरगा झाडू घेऊन दारात आला तरी बसलो होतो. जेवण पुरवणाऱ्याचं नाव होतं, गाड्या पुरवणाऱ्याचं होतं, तुमच्या एका मित्राच्या कुत्र्याचे आभार होते. अक्कांचं नव्हतं.

एवढंच असतं तर हे पत्र लिहिलं नसतं. नाव न लागलेली माणसं या गावात पुष्कळ आहेत. तुमच्या घरातली चादर कुणी विणली ते तुम्हाला तरी कुठं ठाऊक आहे.

लोकेशन बघायला आलात तेव्हा तुमचे लेखक माझ्या काउंटरवर चहा प्यायले आणि म्हणाले, काका, लॉजवरचा एखादा खरा किस्सा सांगा. मी सांगितला. वाचणाऱ्यांसाठी परत सांगतो.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट, ऐन लग्नसराई, मे महिना. धाराशिवकडचं वऱ्हाड आमच्याकडं उतरलं होतं. लग्न होटगी रोडच्या एका कार्यालयात, मुहूर्त दुपारी बारा चाळीसचा. संध्याकाळी हळद लागली. हळद लागलेल्या नवऱ्याला आपल्याकडं एकटं सोडत नाहीत. हातात कट्यार देतात, तिच्या टोकाला लिंबू टोचतात, संडासला गेला तरी दाराशी कुणीतरी उभं असतं. लोक म्हणतात बाधा होते. मी म्हणतो, मित्रांपासून जपायची युक्ती आहे ती! तुमची बॅचलर पार्टी आता आली, पण नवरदेवाला त्याच्याच दोस्तांपासून धोका आहे हे आमच्या आज्यांना कधीचं ठाऊक होतं. तर मामा झोपल्याचं बघून मित्रांनी नवरदेवाला कट्यारीसकट उचललं. पहाटे चारला तिघं परत आले, नवरदेव नव्हता. कुठं गेला होता बे? आठवत नाही. कुठं बसला होतात? आठवत नाही. मुलाचे वडील बीपीची गोळी शोधायला लागले.

साडेपाचला अक्का आल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, अकरा नंबरच्या खोलीत गेल्या. एका पोराची पॅंट गुडघ्यापर्यंत ओली आणि तिला एक जाड हिरवं पान चिकटलेलं. अक्का म्हणाल्या, जलपर्णी आहे, कंबर तलाव. तेव्हा विजापूर रोडवरचा संभाजी तलाव जलपर्णीनं भरलेला असायचा आणि जुनी माणसं त्याला अजून कंबर तलावच म्हणतात. पोऱ्याला गाडीवर पिटाळलं. तलावाच्या कडेला बाकावर नवरदेव गाढ झोपलेला. कट्यार नाही, लिंबू तेवढं मुठीत. अक्कांनी त्याला तेच लिंबू पिळून पाजलं, वर तांब्याभर ताक, डोक्यावर दोन बादल्या पाणी. कपड्यांना इस्त्री केली. वऱ्हाड कार्यालयात पोचल्यावर खोलीत मुंडावळ्या राहिलेल्या दिसल्या, तर त्या रिक्षात घालून स्वतः घेऊन गेल्या. बारा चाळीसला अक्षता पडल्या. मुलीकडच्यांना यातलं काही कळलं नाही, आणि कोणतं वऱ्हाड ते माझ्याकडून कधी कळणारही नाही.

तुमच्या लेखकांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. सिनेमात तलाव आला. बाक आला. मुठीतलं लिंबू आलं, त्यावर तर तुमचं अख्खं पोस्टर आहे. मुंडावळ्याही आल्या. आणि ज्या बाईनं एका पानावरून नवरदेव शोधला तिच्या जागी काय आलं? एक जाडी बाई, जी खोली झाडताना किंचाळते, केकवरून घसरून पडते, आणि पोरांचं लक्ष नाही बघून नवरदेवाची साखरपुड्याची अंगठी पदराला बांधते. पुढचा अर्धा सिनेमा ती अंगठी शोधण्यात जातो. शेवटी नवरदेव तिला माफ करतो, पाचशेची नोट देतो आणि मागं सनई वाजते.

लेखक महाराज, सिनेमा म्हणूनही तुम्ही पायावर धोंडा पाडून घेतलात. रात्री काय झालं हे कुणालाच माहीत नाही अशी तुमची गोष्ट. त्या इमारतीत ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि त्यालाच तुम्ही चोर केलंत.

तुमच्या सिनेमात कुणी ग्लास उचलला की पडद्याच्या कोपऱ्यात इशारा येतो, मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. सिगारेट दिसली की आणखी एक. बाईनं पदराला अंगठी बांधली तेव्हा कोपरा रिकामा होता.

त्याचा परिणाम सांगतो. सिनेमा लागल्यापासून आमच्याकडं उतरणारी पोरं जिना ओळखतात, फोटो काढतात, आणि अक्का दिसल्या की एकमेकांना म्हणतात, अंगठ्या सांभाळा रे. चेष्टाच असते, वाईट पोरं नसतात. गेल्या महिन्यात बार्शीकडच्या एका कुटुंबानं मला बाजूला घेऊन विचारलं, खोली आम्ही असतानाच झाडून घेता येईल का? अक्कांनी माझ्याकडं एका शब्दानंही तक्रार केलेली नाही. पण हल्ली त्या रिकाम्या खोलीत एकट्या जात नाहीत. पोऱ्याला हाक मारतात, तो नसला तर दारात उभ्या राहतात आणि म्हणतात, साहेब, जरा वर येता का. एकतीस वर्षांत मी इतके जिने चढलो नव्हतो.

आमच्याकडं एक वही आहे, 'विसरलेल्या वस्तू'. ती तुम्हाला दाखवली असती, तुम्ही मागितली नाही. खोलीत जे सापडेल ते अक्का आणून देतात, मी तारीख आणि खोली नंबर घालून लिहितो. चष्मे, कवळ्या (दोन, त्यातली एक वरची), लग्नपत्रिकांचा अख्खा गठ्ठा, गुडघ्याचे पट्टे, एकदा सोन्याची मोहनमाळ, चार तोळ्यांची. पंढरपूरची वारी करून आलेल्या आजी उशीखाली विसरून गेल्या होत्या. त्यांचा मुलगा तिसऱ्या दिवशी येऊन सही करून घेऊन गेला. सही आहे वहीत.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत, पण लिहायला बसलोय तर लिहून टाकतो.

तुमचा सोलापूरचा वेटर "नाद खुळा" म्हणतो. साहेब, ते कोल्हापूर. इथून दोनशेच्या वर किलोमीटर आहे. सोलापूरचा पोरगा "काय बे, काय करूलालास?" म्हणेल. त्यातला 'बे' शिवी नाही, राग नाही, ती जवळीक आहे. परगावचा माणूस पहिल्यांदा दचकतो, दुसऱ्या दिवशी स्वतः म्हणायला लागतो. एवढा आयता विनोद समोर पडला होता. वर त्या वेटरनं तांबडा-पांढरा रस्सा आणून ठेवलाय. आमच्या ताटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असते. पाच दिवस तुमच्या युनिटनं तीच चटणी खाल्ली आणि जाताना किलोनं नेली.

चादर. तुमच्या नवरदेवानं गुंडाळलेली चादर जिन्यात खिळ्याला अडकते आणि टर्रकन फाटते. सोलापुरी चादर अशी फाटत नाही. जेकार्ड मागावर विणतात, नक्षी छापलेली नसते, विणलेली असते, म्हणून दोन्ही बाजूंना दिसते. एकीकडं जो रंग नक्षीचा तो दुसरीकडं जमिनीचा. तिला भौगोलिक मानांकन आहे. तुम्ही जी फाडली ती बाहेरून आणलेली, एका अंगानं छापलेली, आणि दुकानाच्या पाटीवर मात्र 'अस्सल सोलापुरी' असं लिहून घेतलेलं. आमच्या खऱ्या चादरी तुम्ही नकली रक्त सांडायला वापरल्या. चौदा चादरी. तो रंग सुताला लागला की जात नाही. अक्कांनी लिंबू, सोडा, ऊन सगळं करून बघितलं.

पाणी. आमच्या लॉजला बाथटब नाही, तुम्ही प्लॅस्टिकचा आणलात. तो भरून वाहतो या एका दृश्याचे अकरा रीटेक झाले. उजनी धरण काठोकाठ भरलेलं असतानाही या शहरात नळाला पाणी दिवसांच्या अंतरानं येतं. तुम्ही टँकर मागवला होता हे खरं, पण तो संपल्यावर आमच्या बोअरला पाइप लावलात. त्या रात्री मागच्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन आल्या तेव्हा बोअर गुळण्या टाकत होता. माफी मी मागितली.

आणि गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा. तुम्ही मुद्दाम संक्रांतीच्या दिवसांत आलात, फुकटची गर्दी मिळते म्हणून. नवरदेव पांढऱ्या बाराबंदीतल्या माणसांत शिरून लपतो तो प्रसंग चांगला घेतलाय, मला आवडला. पण तुमचं एक पात्र विचारतं, हे काय चाललंय, आणि दुसरं म्हणतं, असेल कसलं तरी मिरवणुकीचं. अहो, ते लग्न होतं! सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं म्हणून एक कुंभारकन्या हटून बसली. महाराज पडले योगी, म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न कर. तेच लग्न हे गाव दरवर्षी लावतं. एका दिवशी तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम. सात नंदीध्वज निघतात, लाखभर माणूस हातात अक्षता घेऊन उभं असतं. नवरदेव हजर नसतानाही थाटात लग्न लागलं अशी गोष्ट तुमच्या कॅमेऱ्यासमोरून चालत गेली, आणि तुम्ही हरवलेल्या नवरदेवाचा सिनेमा काढत होता.

आता मागण्या. फार नाहीत.

सिनेमा मोबाइलवर आणि टीव्हीवर यायचाय, म्हणजे बदल करता येतो. अंगठी पदराला बांधायचं दृश्य काढा. ते काढून गोष्ट तुटत असेल तर एक शॉट नवा घ्या: अंगठी पलंगामागं पडलेली सापडते आणि बाई ती काउंटरवर आणून देते. सात नंबरची खोली मी त्यासाठी एक दिवस फुकट देतो. काउंटरवर पान न खाणारा माणूस लागला तर तोही फुकट.

नामावलीत कलाविभागाखाली अक्कांचं नाव घाला. त्या नको म्हणतायत, पण तुम्ही येऊन विचारलंत तर हो म्हणतील असं मला वाटतं. फोनवर नाही, येऊन. आणि त्या दिवशी सकाळी साडेपाच ते पावणेआठ त्यांनी दोनदा काम केलं, एकदा आवरायचं आणि एकदा विस्कटायचं. त्यातल्या दुसऱ्या कामाचे पैसे तुमच्या कलाविभागाच्या दरानं द्या, आमच्या दरानं नको.

लॉजची उरलेली रक्कम द्या. नऊ खोल्यांच्या हिशेबानं, चारच्या नाही. चौदा चादरी द्या, सोलापुरातूनच विकत घेऊन, दोन्ही बाजू तपासून. मागच्या गल्लीत एक टँकर पाठवा. कुणी पाठवला हे सांगायची गरज नाही, बायका ओळखतील.

पुढं या गावात शूटिंगला कुणीही आलं तर आधी कागद करावा, ही विनंती सिनेमावाल्यांना आहे आणि माझ्यासारख्या दुसऱ्या मॅनेजर लोकांनाही आहे.

शेवटची एक नोंद. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्कांनी सात नंबरचा पलंग ओढून झाडलं. वहीत त्या दिवसाखाली असं लिहिलंय: "खो. नं. ७. पलंगामागे. पिवळी अंगठी, पितळी, खडा काचेचा. सिनेमावाल्यांची असावी." वस्तू आम्ही एक वर्ष ठेवतो. तुमचं वर्ष संक्रांतीला पुरं होतंय. येताना ओळखपत्र आणा, सही करा आणि घेऊन जा.

आपला,
स्टेशनजवळच्या लॉजचा मॅनेजर, सोलापूर